पाच खुणांची रेघ

१९११ सालचे शेवटचे महिने. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पदवीच्या वर्गात शिकणारा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट आपल्या प्राध्यापकांशी, थॉमस हंट मॉर्गन यांच्याशी, बोलत होता. वय जेमतेम वीस. विषय नेहमीचाच, माश्यांच्या पैदाशीचा. बोलता बोलता त्याला एकदम काहीतरी सुचलं. तो घरी गेला, कॉलेजचा अभ्यास तसाच ठेवला आणि रात्रीचा बराचसा भाग आकडेमोडीत घालवला. ती रात्र सरली तेव्हा जगातला गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार झाला होता. एक सरळ रेघ आणि तिच्यावर पाच खुणा.

या कामी सूक्ष्मदर्शकाचा काही उपयोग नव्हता. माशीच्या पेशीतलं गुणसूत्र त्या काळच्या चांगल्यात चांगल्या भिंगाखालीही एखाद्या काडीच्या तुकड्यासारखं दिसे. त्या काडीवर कुठे काय आहे हे सांगणारं काहीच डोळ्यांना दिसत नसे. स्टर्टेव्हंटपुढे होते ते फक्त आकडे. अमुक जोडीला इतकी पिल्लं झाली, त्यांतली इतकी आजा-आजीच्या वळणावर गेली आणि इतकी गेली नाहीत. या 'गेली नाहीत'च्या रकान्यातून त्याने नकाशा काढला. ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी मला तिचं अप्रूप वाटतं, ते याचसाठी. जे आकडे इतरांचा हिशेब बिघडवत होते, त्यांचीच त्याने मोजपट्टी केली.

हिशेब नेमका काय बिघडला होता?

ब्रनोच्या मठातल्या ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ साली छापला गेला, चौतीस वर्षं जवळजवळ कुणाच्या खिजगणतीत नव्हता आणि १९०० साली पुन्हा उजेडात आला. मेंडेल यांचं एक म्हणणं असं की, प्रत्येक गुण पुढच्या पिढीत स्वतंत्रपणे उतरतो. दाण्याचा रंग एकीकडे, झाडाची उंची दुसरीकडे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पाठोपाठ १९०२-०३ मध्ये वॉल्टर सटन या अमेरिकन विद्यार्थ्याने नाकतोड्याच्या पेशी पाहून दाखवून दिलं की, गुणसूत्रं जोडीजोडीने असतात आणि बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडी फुटून एकेक गुणसूत्र एकेका पेशीत जातं. मेंडेल यांचे 'घटक' अगदी असेच वागतात. मग घटक गुणसूत्रांवरच असले पाहिजेत, असं सटनचं म्हणणं. जर्मनीत थिओडोर बोव्हेरी समुद्री साळिंदरांच्या अंड्यांवर काम करताना त्याच दिशेने चालले होते.

पण वाटाण्यात गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या सात. गुण मात्र शेकड्यांनी. मग पुष्कळसे गुण एकाच गुणसूत्रावर बसलेले असणार, आणि एका गाडीत बसलेले प्रवासी एकाच स्टेशनावर उतरावेत तसे ते सगळे एकत्रच पुढच्या पिढीत जायला हवेत. तसं घडताना दिसत नव्हतं.

केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन, एडिथ साँडर्स आणि रेजिनाल्ड पनेट यांनी स्वीट पीच्या फुलांवर प्रयोग केले. जांभळं फूल आणि लांबट पराग एका बाजूला, लाल फूल आणि गोल पराग दुसऱ्या बाजूला. संकराच्या दुसऱ्या पिढीतली ३८१ झाडं मोजली. गुण स्वतंत्रपणे उतरत असते तर साधारण २१४, ७१, ७१ आणि २४ अशी विभागणी व्हायला हवी होती. पूर्ण बांधलेले असते तर मधले दोन्ही आकडे शून्य. प्रत्यक्षात आले २८४, २१, २१ आणि ५५. म्हणजे गुण एकमेकांना धरून होते, पण गच्च नव्हे. मधले ते एकवीस आणि एकवीस कुणाचंच ऐकत नव्हते. बेटसन यांना गुणसूत्रांची कल्पना मुळातच पटत नव्हती. त्यांनी या प्रकाराला 'जोडणी' असं नाव दिलं आणि त्यासाठी पेशींच्या वाढीची एक गुंतागुंतीची उपपत्ती मांडली. माणूस मोठा होता, या शास्त्राला 'जेनेटिक्स' हे नाव त्यांनीच दिलं, आकडेही बिनचूक मोजले. उत्तर मात्र हातात असून निसटलं.

ते सापडलं अटलांटिकच्या पलीकडे, एका खोलीत. कोलंबियाच्या शर्मरहॉर्न इमारतीतली ६१३ क्रमांकाची खोली. रुंदी सोळा फूट, लांबी तेवीस. एवढ्या जागेत आठ टेबलं दाटीने मांडलेली आणि सगळीकडे दुधाच्या काचेच्या बाटल्या. बाटल्यांत खाद्य म्हणून कुस्करलेली केळी आणि त्यांवर वाढणाऱ्या माश्या. मराठीत या माशीला सरसकट फळमाशी म्हणतात, पण आंब्याच्या किंवा पेरूच्या बागेत जिच्यासाठी सापळे टांगतात ती फळमाशी वेगळी. ही आपल्या ओळखीची आहे. स्वयंपाकघरात केळी जास्त पिकली की घडाभोवती जी बारीक चिलटं जमतात, तीच ही ड्रोसोफिला. अडीच-तीन मिलिमीटर लांबी, दहाबारा दिवसांत नवी पिढी, एका मादीची शेकडो अंडी. आणि गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. मोजणाऱ्याला आणखी काय हवं?

गंमत म्हणजे मॉर्गन स्वतः मेंडेलवादी नव्हते. वंशाचे घटक गुणसूत्रांवर बसलेले असतात, हे तर त्यांना मुळीच पटत नव्हतं. मग १९१० मध्ये एका बाटलीत एक नर निघाला. या माश्यांचे डोळे विटकरी लाल असतात, याचे पांढरे होते. मॉर्गननी त्याचा संकर लाल डोळ्यांच्या माद्यांशी केला. पहिल्या पिढीत १,२३७ माश्या लाल डोळ्यांच्या निघाल्या. दुसऱ्या पिढीत लाल डोळ्यांच्या माद्या २,४५९, लाल डोळ्यांचे नर १,०११ आणि पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२. पांढऱ्या डोळ्यांची मादी एकही नाही. नर-मादी ठरवणारं जे एक्स गुणसूत्र, त्याच्याशी डोळ्याचा रंग बांधलेला आहे, हे त्या आकड्यांतून उघड दिसत होतं. मॉर्गननी आपलं मत बदललं. पुराव्यापुढे स्वतःचंच जुनं मत सोडून देणं सोपं नसतं. त्यांनी ते वर्षभराच्या आत केलं.

त्या खोलीत मॉर्गनच्या हाताखाली जी मुलं होती, तीही वेगळी होती. स्टर्टेव्हंट अलाबामात वाढलेला. घरी शेती आणि घोडे. त्याला घोड्यांच्या वंशावळी लिहून ठेवायचा नाद होता. न्यूयॉर्कला तो मोठ्या भावाकडे, एडगरकडे, राहून शिकत होता. पनेट यांचं मेंडेलवरचं पुस्तक हाती पडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की, आपल्या घोड्यांच्या रंगांना हेच नियम लागू पडतात. त्याने एक टिपण लिहिलं. भावाच्या सांगण्यावरून ते मॉर्गनना दाखवलं. मॉर्गननी ते १९१० साली छापून आणलं आणि या मुलाला माश्यांच्या खोलीत टेबल दिलं. हा मुलगा रंगांधळा होता. डोळ्यांच्या रंगांतले बारीक फरक ओळखणं हे ज्या खोलीतलं रोजचं काम, तिथे हा रंगांधळा. नजर तेज होती ती कॅल्विन ब्रिजेसची. तो तिथे आला बाटल्या धुण्याच्या कामासाठी, आणि बाटलीच्या जाड काचेतून त्याला शेंदरी डोळ्यांची एक माशी दिसली. दुसऱ्या कुणाला ती दिसली नव्हती. मॉर्गननी त्याच्या हातातला ब्रश काढून भिंग दिलं. पुढे हर्मन मुलर आला. सगळे विशीतले, एकमेकांच्या टेबलावर वाकून वाद घालणारे.

एव्हाना पांढऱ्या डोळ्यांसारखे एक्स गुणसूत्राशी बांधलेले आणखी काही गुण हाती आले होते. पिवळं अंग, शेंदरी डोळे, इवलेसे पंख, अर्धवट वाढलेले पंख. हे सगळे एकाच गुणसूत्रावर असतील तर एकत्रच उतरायला हवेत. तेही स्वीट पीसारखेच वागत होते. बहुतेक वेळा एकत्र, काही वेळा फुटून. फुटण्याचं प्रमाण दर जोडीला निराळं. पिवळं अंग आणि पांढरे डोळे जवळजवळ कधीच वेगळे होत नसत. पांढरे डोळे आणि इवले पंख तीनांत एकदा वेगळे होत.

याचं उत्तर शोधताना मॉर्गनना बेल्जियममधल्या एका धर्मगुरूचं काम आठवलं. लुव्हेन विद्यापीठातले फ्रान्स अल्फोन्स यान्सेन्स यांनी १९०९ साली सॅलमँडरच्या बीजपेशी तपासून एक निबंध छापला होता. शरीरातल्या पेशीत गुणसूत्रांची जोडी असते, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. अंडं किंवा शुक्रपेशी तयार होताना जोडी फुटून एकच पुढे जायला हवं. याला आपण अर्धसूत्री विभाजन म्हणतो. शाळेत आम्ही याच्या अवस्थांची नावं घोकली आणि आकृत्या काढल्या, पण या विभाजनात घडणारी सर्वांत विलक्षण गोष्ट आकृतीच्या एका कोपऱ्यात राहून गेली. फुटण्याआधी ती दोन गुणसूत्रं एकमेकांना शोधून काढतात आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अंगाला अंग लावून पडतात. नंतर सुटू लागतात तेव्हा अधेमधे एकमेकांत अडकलेली दिसतात, फुलीच्या आकारात. यान्सेन्स यांनी तर्क केला की, या फुलीच्या जागी दोघांचे धागे तुटतात आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. त्यांना हे सिद्ध करता आलं नाही. तर्क मात्र त्यांनी छापून ठेवला.

दोन सुतळ्या घ्या, एक पांढरी, एक लाल. शेजारी शेजारी ताणून ठेवा. डोळे मिटून एका जागी दोन्ही कापा आणि पांढरीचं टोक लालला, लालचं पांढरीला गाठ मारून जोडा. गाठ कुठे पडेल हे आधी सांगता येत नाही. पण सुतळीवरच्या दोन खुणांमध्ये हातभर अंतर असेल तर गाठ त्यांच्या मध्ये कुठेतरी पडण्याचा संभव जास्त, आणि बोटभर असेल तर अगदी कमी. गाठ मध्ये पडली की त्या दोन खुणा वेगळ्या सुतळ्यांवर जातात. १९११ च्या सप्टेंबरमध्ये मॉर्गननी एवढं मांडलं होतं: जे घटक जवळ, ते एकत्र राहतात, जे लांब, ते फुटतात.

इथपर्यंत गुरूचं. विद्यार्थ्याला सुचलं ते त्याच्या पुढचं. फुटण्याचं प्रमाण अंतरावर अवलंबून असेल तर ते प्रमाण हेच अंतर का मानू नये? आणि अंतरं असतील तर त्यांची बेरीज जमली पाहिजे. पुण्याहून साताऱ्याचं आणि साताऱ्याहून कोल्हापूरचं अंतर ठाऊक असेल, आणि दोन्हींची बेरीज पुणे-कोल्हापूर अंतराएवढी भरत असेल, तर सातारा वाटेतच आहे हे नकाशा न पाहता सांगता येतं. तसं या घटकांचं.

एक्स गुणसूत्राची मोठी सोय अशी की, नराला ते एकच असतं आणि ते आईकडूनच येतं. झाकायला दुसरं नसल्यामुळे आईच्या अंड्यातल्या एक्सवर जे असेल ते मुलाच्या अंगावर उघड दिसतं. मुलगे मोजले म्हणजे आईच्या अंडाशयात काय घडलं हे मोजल्यासारखं. जी गोष्ट कुणी पाहू शकत नव्हतं, तिची नोंद दर पंधरवड्याला बाटलीतून उडत बाहेर पडत होती.

१९१३ साली छापलेल्या त्याच्या सतरा पानी निबंधात हे आकडे आहेत, आणि ते सावकाश पाहावेत असेच आहेत. पिवळं अंग आणि पांढरे डोळे: २१,७३६ माश्यांत अदलाबदल झालेल्या २१४, म्हणजे शेकडा १. पांढरे आणि शेंदरी डोळे: १,५८४ मध्ये ४७१, शेकडा २९.७. शेंदरी डोळे आणि इवले पंख: ५७३ मध्ये फक्त १७, शेकडा ३. आता शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज करा, ३२.७. पांढरे डोळे आणि इवले पंख यांची थेट मोजदाद मात्र वेगळ्या संकरांतून झाली होती. ६,११६ माश्यांत २,०६२, म्हणजे ३३.७. जवळजवळ जुळलं. शेंदरी डोळ्याचा घटक पांढऱ्या डोळ्याच्या आणि इवल्या पंखांच्या मध्ये बसला. शेंदरी डोळे आणि अर्धवट पंख यांच्यात २६.९. अशी रेघ पुढे सरकत गेली. शून्यावर पिवळं अंग, १ वर पांढरे डोळे, ३०.७ वर शेंदरी डोळे, ३३.७ वर इवले पंख, ५७.६ वर अर्धवट पंख. निबंधात घटक सहा आहेत, पण पांढरा डोळा आणि इओसिन नावाचा फिकट रंगाचा डोळा एकमेकांपासून कधी फुटलेच नाहीत, म्हणून दोघांची जागा एक. सहा घटक, पाच खुणा.

एका ठिकाणी मात्र बेरीज सपशेल चुकली. पिवळं अंग आणि अर्धवट पंख ही दोन टोकं. रेघेवर त्यांच्यात ५७.६ अंतर. प्रत्यक्ष मोजलं तर ६९३ मध्ये २६०, शेकडा साडेसदतीस. वीस कुठे गेले? विशीतल्या विद्यार्थ्याने इथे घाबरून रेघ सोडून दिली असती तर नवल नव्हतं. त्याने विचार केला की, दोन खुणा इतक्या लांब असतील तर मध्ये एकाऐवजी दोन गाठी पडू शकतात. पहिल्या गाठीने सुतळी बदलते, दुसरीने परत मूळची होते. मग टोकाच्या दोन्ही खुणा होत्या तशाच एकत्र दिसतात, आणि मधल्या दोन घडामोडी मोजणीत येतच नाहीत. म्हणून लांबचं अंतर नेहमी कमी भरतं. खरं अंतर हवं असेल तर जवळजवळच्या खुणा घ्या आणि छोट्या पावलांची बेरीज करा. मधल्या घटकावर नजर ठेवली तर या दुहेरी अदलाबदली सापडतातही, आणि त्याने त्या शोधल्या. अपेक्षेपेक्षा त्या कमी होत्या. एक गाठ पडली की तिच्या लगतच दुसरी सहसा पडत नाही, हे त्याने तिथेच नोंदवलं. पुढे मुलरने या अडसराचा सविस्तर अभ्यास केला.

लांबच्या अंतराची ही गफलत पुढे वादाचं कारण ठरली. १९१९ साली हार्वर्डच्या विल्यम कॅसल यांनी आक्षेप घेतला की, अंतरांची बेरीज जमत नाही याचा अर्थ घटक एका रेघेत नाहीतच. ते लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी पसरले आहेत. त्यांनी तारांचे सांगाडेही करून दाखवले. स्टर्टेव्हंट, ब्रिजेस आणि मॉर्गन यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. दुहेरी अदलाबदली हिशेबात धरल्या की सांगाडा चपटा होत होत पुन्हा सरळ रेघेवरच येतो. बेटसन यांनीही बरीच वर्षं दम धरला होता. १९२१ च्या डिसेंबरात ते अमेरिकेत आले, माश्यांच्या खोलीत बसून सगळं स्वतः पाहिलं, आणि टोरांटोच्या सभेत त्यांनी गुणसूत्रांचं म्हणणं बऱ्याच अंशी मान्य केलं. स्वीट पीतल्या त्या एकवीस-एकवीस झाडांचा अर्थ ज्यांनी ती मोजली त्यांच्यापर्यंत पोचायला सोळा वर्षं लागली.

दरम्यान ब्रिजेसने आपल्या परीने गुणसूत्रांची बाजू भक्कम केली होती. पांढऱ्या डोळ्यांच्या आईला आणि लाल डोळ्यांच्या बापाला होणाऱ्या मुली लाल डोळ्यांच्या निघायला हव्यात. पण हजारोंत एखादी पांढऱ्या डोळ्यांची निघे. ब्रिजेसने भाकीत केलं की, त्या आईच्या अंड्यात जोडी फुटलीच नाही, दोन्ही एक्स एकत्र गेले, म्हणून या मुलीत दोन एक्स आणि वर एक वाय असलं पाहिजे. त्याने त्यांच्या पेशी तपासल्या आणि तिसरं गुणसूत्र तिथे होतं. १९१६ साली 'जेनेटिक्स' नियतकालिकाच्या पहिल्याच अंकाची सुरुवात त्याच्या या निबंधाने झाली.

नुसत्या मोजणीतून किती दूरवर पाहता येतं याचा मला सर्वांत आवडणारा दाखला १९२१ चा आहे, आणि तो पुन्हा स्टर्टेव्हंटचाच. आपल्या ड्रोसोफिलासारखीच दिसणारी एक सख्खी बहीण-जात त्याने ओळखली होती, सिम्युलन्स. तिच्या तिसऱ्या गुणसूत्राचा नकाशा त्याने काढला आणि जुन्या जातीच्या नकाशाशेजारी ठेवला. घटक तेच, पण मधल्या एका भागात क्रम उलटा. कधीकाळी तेवढा तुकडा तुटून उलटा जोडला गेला असणार, असं त्याने कुणालाही काही दिसण्याच्या कितीतरी आधी सांगितलं. १९३० च्या दशकात या दोन जातींच्या संकरात तो उलटा तुकडा डोळ्यांनी दिसला.

तोवर एक मोठी उणीव राहिली होती. गाठ पडते, तुकडे बदलतात, हे सगळे मानू लागले होते. पण खरोखर गुणसूत्राचा तुकडा इकडून तिकडे जातो, हे प्रत्यक्ष दाखवलं नव्हतं. त्यासाठी ज्याच्या दोन्ही टोकांना भिंगाखाली ओळखू येणारी खूण आहे, असं गुणसूत्र हवं होतं. ते कॉर्नेल विद्यापीठात मक्यात सापडलं. बार्बरा मॅक्लिंटॉकने मक्याची दहाही गुणसूत्रं भिंगाखाली वेगळी ओळखायला शिकवलं होतं. तिच्याकडे एक वाण होतं, ज्याच्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला गडद गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा चिकटलेला तुकडा. मध्ये दाण्याचा रंग ठरवणारा घटक आणि दाणा मेणचट की पिठूळ हे ठरवणारा घटक. तिने आणि हॅरिएट क्रेटन या तिच्या विद्यार्थिनीने रोपं लावली. माशी पंधरा दिवसांत उत्तर देते, मका वर्षातून एकदा. कणसं भरली, दाणे निवडले, पुन्हा पेरले, पेशी भिंगाखाली ठेवल्या. जिथे रंग आणि पीठ यांची जोडी फुटली होती, तिथे गाठ आणि चिकटलेला तुकडाही एकमेकांपासून सुटले होते. दाण्यात जे बदललं तेच गुणसूत्रातही बदललं होतं. त्या वर्षी मॉर्गन कॉर्नेलला गेले असता त्यांनी हे पाहिलं आणि आणखी पिकाची वाट न पाहता लगेच छापा असा आग्रह धरला. ऑगस्ट १९३१ मध्ये निबंध आला. जर्मनीत कर्ट स्टर्न यांनी तीच गोष्ट माशीत दाखवली, त्यांचा निबंध थोड्याच दिवसांनी आला.

या अंतराला एकक मिळालं ते जे. बी. एस. हाल्डेन यांच्यामुळे. १९१९ साली त्यांनी मॉर्गन यांचं नाव सुचवलं. आज शेकडा एक अदलाबदल म्हणजे एक सेंटीमॉर्गन. लांबच्या अंतरातल्या दुहेरी गाठींची भरपाई करणारं सूत्रही त्यांनी त्याच वर्षी बसवलं. हाल्डेन हे नाव आपल्याला परकं नाही. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी देह ठेवला. ते संपादन करत असलेलं 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' त्यांच्याबरोबर भारतात आलं आणि आज ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीतर्फे निघतं. १९१० साली ते सुरू केलं होतं बेटसन आणि पनेट यांनीच. स्वीट पीचा हिशेब मांडणाऱ्या त्या दोघांचं नियतकालिक अशा वाटेने आपल्याकडे पोचलं.

१९३३ साली मॉर्गनना नोबेल मिळालं. तोपर्यंत ते आणि त्यांची मंडळी कॅलिफोर्नियाला पॅसाडेनाला गेली होती. बक्षिसाच्या रकमेत त्यांनी स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांनाही वाटा दिला. त्याच वर्षी टेक्ससमध्ये थिओफिलस पेंटर यांनी माशीच्या अळीच्या लाळग्रंथीत डोकावून पाहिलं. तिथल्या पेशी फुटत नाहीत, नुसत्या वाढतात. गुणसूत्राच्या शेकडो प्रती एकमेकींना चिकटून जाड दोरखंड होतो आणि त्याच्यावर आडवे पट्टे उमटतात, काही ठळक, काही केसासारखे बारीक. ज्या काडीवर आजवर काहीच दिसत नव्हतं, तिच्यावर आता हजारो पट्टे होते. ब्रिजेस, ज्याची नजर काचेतून शेंदरी डोळा ओळखणारी, त्याने हे काम दुसऱ्या कुणावर सोपवणं शक्य नव्हतं. १९३५ साली त्याचे नकाशे आले. चारही गुणसूत्रांचे १०२ विभाग, प्रत्येक विभागाचे सहा भाग. एक्स गुणसूत्राला पहिले वीस विभाग. १९३८ च्या डिसेंबरात, पन्नाशीच्या आतच, तो गेला. शेवटपर्यंत तो हेच पट्टे अधिकाधिक बारकाईने काढत होता.

आता १९११ ची ती रेघ या पट्ट्यांशेजारी ठेवून पाहता येते. पिवळं अंग पहिल्या विभागात, अगदी टोकाला. पांढरे डोळे तिसऱ्यात. शेंदरी डोळे दहाव्याच्या सुरुवातीला, इवले पंख त्याच दहाव्यात थोडे पुढे. अर्धवट पंख पंधराव्याच्या तोंडाशी. पाचही जण त्या रात्री लागलेल्या क्रमानेच उभे आहेत. अंतरं मात्र थोडी ताणलेली, थोडी आवळलेली. रेघेवर पिवळं आणि पांढरं यांच्यात फक्त एक एकक, पट्ट्यांवर दोन विभागांचा पल्ला. एसटीच्या वेळापत्रकात तासांवरून किलोमीटर काढायला गेलं की असंच होतं, घाटात थोडं अंतर बराच वेळ खातं आणि सपाटीला मोठा पल्ला झरझर सरतो. गुणसूत्राच्या टोकाशी गाठी क्वचितच पडतात, म्हणून तिथला लांब रस्ता मोजणीत आखूड भरतो. वाटेत कुठली गावं कुठल्या क्रमाने लागतात, ते काही बदलत नाही. केळ्यांच्या बाटलीत निघालेल्या त्या एका नराचा पांढरा डोळा ब्रिजेसच्या आराखड्यावर तिसऱ्या विभागात, 'सी' या अक्षराखालच्या पट्ट्यांपाशी, येऊन थांबतो.